विनंती थांबा

गुरुवारी दुपारी एक ते दोन
रेडिओवर खलाशांच्या विनंत्या मी वाचायची.
सतरा वर्षं. मध्ये एकदाच आजारी.
पोस्टकार्डं यायची फ्योर्डाफ्योर्डातून,
काहींना मासळीचा वास,
एकाला चक्क खवला चिकटलेला.
गाणी मात्र सगळी मिळून तीस-पस्तीस,
तीच ती, अकॉर्डियनवरची:
लाट आली की मुलगी आलीच,
धक्का आला की रुमाल.
जहाजं पांढरीशुभ्र.
एकाही कडव्यात कॉडच्या काळजांची पिंपं नाहीत,
हातमोज्यात बधिर झालेली बोटं नाहीत.
सगळ्यात गाजलेलं गाणं ज्यानं लिहिलं
तो बँकेत कारकून,
तळ्यातल्या होडीतही ओकायचा.

मला वाटायचं, ते गाण्यांसाठी ऐकतात.
स्टेइनग्रिमुर म्हणून एक इंजिनवाला होता, तो म्हणाला,
बाई, गाणं सुरू झालं की आम्ही कॉफी ओततो.
ऐकायची ती नावं.
"हाफबोर्गवरच्या ओड्डुरला, हिल्दर आणि दोन मुलींकडून,"
एवढं झालं की ओड्डुर उठून डेकवर जातो,
वारा कितीही असो.
ज्याचं नाव येत नाही
तो बटाटे सोलत बसतो.

बटाटे सोलणारा थोरगिल्स, आचारी.
अकरा वर्षं हाफबोर्गवर.
मी जुनी कार्डं उपसली, खोकी पालथी घातली.
त्याच्या नावाचं एकही नाही.

फेब्रुवारीत एका गुरुवारी मी खोटं बोलले.
कोरं कार्ड हातात धरलं
(रेडिओवर कोण बघतंय, तरी धरलं)
आणि वाचलं:
"हाफबोर्गवरच्या थोरगिल्सला,
किनाऱ्यावर त्याची वाट बघणाऱ्या एकीकडून."
लावलं कारकुनाचंच गाणं.
काचेपलीकडे तंत्रज्ञाच्या भुवया वर गेल्या
आणि गाणं संपेस्तोवर खाली आल्या नाहीत.

मे महिन्यात तो आला.
नव्या शर्टाच्या घड्या तशाच,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला हॅलिबट.
अर्धा तुम्हाला, अर्धा तिला, म्हणाला. पत्ता द्या.
कार्डावर पत्ता नव्हता, मी म्हणाले.
तो बघत राहिला.
आचारी माणूस,
झाकण न उचलता कळतं त्याला काय शिजतंय.
मग अख्खा मासा माझ्या टेबलावर ठेवला.
"पुन्हा तिचं कार्ड आलं
तर तिला सांगा, समुद्राचं गाणं नको.
समुद्र आहे आमच्याकडे."
मग कशाचं हवं?
टोपी बोटांत फिरवली, दोनदा, तीनदा.
"बसचं चालेल," म्हणाला.
"वेळेवर येते. आणि उभी राहते."

तीन संध्याकाळी मी तबकड्यांच्या कपाटासमोर फतकल मारून बसले.
हेरिंग, शिडं, दीपस्तंभ,
बुडालेले भाऊ, न बुडालेले कप्तान,
कप्तानांच्या वाट बघून म्हाताऱ्या झालेल्या बायका.
अख्ख्या आइसलँडकडे कोरड्या जमिनीचं गाणं नाही.
एक घोड्याचं सापडलं,
तर तोही दुसऱ्या कडव्यात नदीत उतरतो.

गुरुवार. दोन वाजायला तीन मिनिटं.
"हाफबोर्गवरच्या थोरगिल्सला, त्याच एकीकडून."
सुई उचलून बाजूला ठेवली.
पर्समधून रोजच्या माझ्या बसचं वेळापत्रक काढलं,
कोपरे मऊ झालेलं,
आणि हवामानाचा अंदाज वाचावा तसं सावकाश वाचलं:

मार्ग पाच.
बंदर, सहा दहा.
बर्फाचा कारखाना, सहा चौदा.
पोहण्याचा तलाव, सहा एकोणीस.
चर्च. शाळा. बेकरी, सहा सव्वीस,
इथे ड्रायव्हर पाव घ्यायला उतरतो,
घाई करू नये.
मग चढ.
चढावरचं निळ्या दाराचं घर, सहा तेहतीस,
विनंती थांबा.